खाजणाचं शेत होतं तेव्हा मातीतल्या जिवांचं काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये माती तपासून देण्याचं काम मी बरीच वर्षं करते. माझ्या मामांची खारातली, म्हणजे खाडीच्या चिखलाला बांध घालून केलेली भातशेती वैतरणेच्या काठी आहे. त्यामुळे निफाड-सिन्नरच्या काळ्या मातीच्या पिशव्यांशेजारी दर उन्हाळ्यात खाजणाचा, म्हणजे खाडीकाठचा भरतीचा चिखलही माझ्या टेबलावर येतो. येणारा प्रत्येक जण आधी एकच विचारतो, "मॅडम, खार किती?" आकडा सांगून झाला की मग खरे प्रश्न सुरू होतात. खार गेली तरी पीक का उभं राहत नाही, गांडुळं कुठे गेली, बाटलीतले जिवाणू टाकू का. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा द्यावी लागतात, म्हणून इथे लिहून ठेवते.

नाशिकला समुद्र नाही. मग खाजणाची चर्चा इथून कशाला?

त्र्यंबकच्या डोंगरांवरचा पाऊस दोन समुद्रांना जातो. पूर्वेला उतरलेलं पाणी गोदावरी होऊन सुमारे १,४६५ किलोमीटरवर बंगालच्या उपसागराला मिळतं. त्याच डोंगरांतून पश्चिमेला उतरलेली वैतरणा पालघर जिल्ह्यात अर्नाळ्याजवळ अरबी समुद्राला मिळते. दोघींनी वाहून नेलेला गाळ आपल्याच काळ्या कातळाचा, म्हणजे बेसॉल्टचा. खाडीतली चिकणमाती आणि निफाडची काळी चिकणमाती एकाच घराण्यातल्या आहेत. पाणी प्यायल्या की फुगतात, वाळल्या की भेगाळतात आणि सोडियम वाढलं की बिघडतात.

दुसरं कारण आपल्या बांधावरच आहे. कालव्याच्या पाण्याखालच्या आणि विहिरीच्या जड पाण्यावरच्या कित्येक जमिनी आज चोपण, म्हणजे सोडियम साठून घट्ट होत चालल्या आहेत. खारजमीन सुधारताना जे शिकायला मिळतं, त्यातलं बरंचसं इथेही लागू पडतं. सगळं मात्र नाही, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

खाजण, खारजमीन आणि भराव एकच ना?

नाही. भरती-ओहोटीचं पाणी ज्या चिखलात रोज येतं-जातं ते खाजण. त्याला मातीचा बांध घातला, बांधात उघाडी (पाणी सोडायचा दरवाजा) बसवली, भरती बाहेर अडवली आणि पावसाचं पाणी ओहोटीला सोडून दिलं की ती खारजमीन होते. जुन्या कुलाबा जिल्ह्यात असे बांध घालून राखण्याची शिलोत्री पद्धतच होती. राज्यात त्यासाठी १९७९ चा खारजमीन विकास कायदा आहे. पनवेलला खारभूमी संशोधन केंद्र आहे आणि पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या भाताच्या जाती तिथल्याच.

भरावाची गोष्ट वेगळी. मुंबईच्या बेटांमधल्या खाड्या दगड-मुरूम टाकून बुजवल्या, तेव्हा जुना चिखल खाली गाडला गेला आणि वर परकी माती बसली. या पानावर मी बांधाच्या जमिनीबद्दलच लिहिते, कारण तिथे तीच माती जागेवर राहून बदलते.

बांध घालण्याआधी तो चिखल मेलेलाच असतो ना?

हा गैरसमज मला सगळ्यात जास्त खटकतो. "पडीक खाजण", "नापीक दलदल" हे शब्द इतके रुळलेत की तिथे आधी कोणी राहत होतं हे कुणाच्या मनातही येत नाही.

निवट्या (चिखलातले मासे), चिंबोऱ्या, कालवं आपल्याला दिसतात. चिखलात बिळं करून राहणारे समुद्री किडे खणल्यावर दिसतात. सूत्रकृमी भिंगाशिवाय दिसत नाहीत, पण खाडीच्या एका चौरस मीटर चिखलात ते दहा लाखांच्या घरात आणि त्याहूनही जास्त असतात. 

त्याहून खाली जिवाणूंचं राज्य. चिखलाच्या वरच्या काही मिलिमीटरपर्यंतच प्राणवायू पोचतो. त्याखाली तो संपतो आणि तिथले जिवाणू प्राणवायूच्या जागी सल्फेट वापरतात. समुद्राच्या पाण्यात सल्फेटची कमतरता नसते. त्या व्यवहारातून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो, तोच सडक्या अंड्यांचा वास. तोच वायू लोहाशी जुळला की चिखल काळा पडतो. म्हणजे तो काळा रंग आणि तो वास या दोन्ही गोष्टी घाणीच्या नाहीत. कोट्यवधी जीव आपापलं काम करत आहेत, त्याची ती खूण आहे.

घरच्या घरी फरक पाहायचा असेल तर नांदूर मधमेश्वरच्या काठच्या गाळात काठी खुपसून बघा (पक्ष्यांना त्रास न देता). तिथेही प्राणवायू नाही, पण पाणी गोडं आहे, सल्फेट कमी आहे. म्हणून तिथे दुसरे जीव वरचढ ठरतात आणि बुडबुड्यांतून मुख्यतः मिथेन येतो. चिखल दिसायला सारखा, आतली वस्ती वेगळी.

चिंबोरीच्या बिळाबद्दल एक सांगायलाच हवं. ते बीळ म्हणजे हवेची नळी. बिळाच्या भिंतीला तांबूस कडा दिसते, कारण तेवढ्याच जागी प्राणवायू पोचून लोहाला गंज चढलेला असतो. शेतात जे काम गांडूळ करतं, ते खाडीत चिंबोरी करते.

बांध घातल्यावर पहिल्या वर्षी काय होतं?

भरती थांबली की समुद्री प्राण्यांची उपासमार सुरू होते. निवट्या आणि खेकडे जमेल तेवढे बाहेर पडतात, कालवं आणि किडे जागीच मरतात. जपानमध्ये इसाहाया उपसागराचे दरवाजे १९९७ मध्ये बंद केले तेव्हा शिंपल्यांचे खच पडलेले लोकांनी पाहिले आणि त्यावरून वर्षानुवर्षं कोर्टकज्जे चालले. आपल्याकडे बांध लहान, त्यामुळे हे कुणाच्या लक्षात येत नाही, पण घडतं तेच.

मेलेले जीव कुजतात आणि मातीत अन्नद्रव्यांचा एक लोंढा येतो. पहिल्या-दुसऱ्या वर्षी कधीकधी पीक अनपेक्षित चांगलं येतं त्यामागे हेही एक कारण असतं. शेतकऱ्याला वाटतं जमीन लागली. ती साठवण संपली की उतार सुरू होतो.

मग चिखल वाळतो, भेगा पडतात आणि भेगांतून हवा खाली उतरते. काळा रंग आधी राखाडी होतो, मग त्यावर तांबूस ठिपके येतात. सल्फेटवर जगणारे जिवाणू खालच्या ओल्या थरात माघार घेतात, वरच्या थरात प्राणवायूवर जगणारे येतात. पहिल्या पावसानंतर जमिनीवर जी हिरवट बुळबुळीत साय दिसते ती नीलहरित शेवाळाची. त्यातल्या काही जाती हवेतला नत्र बांधतात, म्हणून ती खरवडून काढू नका. मोरससारख्या खारट जमिनीतल्या वनस्पती उगवतात आणि त्यांची मुळं मातीत पहिली वाट पाडतात. हॉलंडमध्ये समुद्राचा तळ उघडा पडला की विमानातून बोरूचं, म्हणजे पाणथळीतल्या उंच गवताचं बी पेरत, ते याचसाठी. बोरू पाणी शोषतो, माती भेगाळते, आत हवा जाते.

मीठ सूक्ष्मजीवांना नेमकं काय करतं?

लोणच्याला जे करतं तेच. मीठ बाहेरून पाणी ओढतं आणि जिवाणूची पेशी आतून सुकत जाते. जगायचं असेल तर पेशीला आतमध्ये प्रोलीन, ग्लायसिन बीटेन असे पदार्थ तयार करून पाणी धरून ठेवावं लागतं. त्याला ऊर्जा लागते. मिळालेल्या अन्नातला मोठा वाटा नुसतं तगून राहण्यात जातो, वाढीला थोडाच उरतो. म्हणून खारट मातीत शेणखतही हळू कुजतं.

सगळ्यांना सारखा फटका बसत नाही. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू फार नाजूक, ते आधी मंदावतात. मामांनी बांधबंदिस्तीनंतरच्या दुसऱ्या वर्षी नेहमीच्या हिशेबाने युरिया टाकला होता. दोन दिवस शेतात अमोनियाचा वास नाकात जात होता. युरिया विरघळला, पण पुढचं काम करणारे जीव जागेवर नव्हते आणि मातीचा सामू (pH) चढा होता, त्यामुळे नत्र हवेत उडालं. तेव्हा मी शिकत होते. मामांना "खत बोगस निघालं" असं वाटलं आणि मलाही उलगडून सांगता आलं नाही.

मिठाचा दुसरा वार आडवाटेने होतो. पावसाने मीठ धुतलं जातं, पण सोडियम चिकणमातीच्या कणांना चिकटून राहतं. कण एकमेकांपासून सुटतात, पाण्यात पसरतात आणि मातीची छिद्रं बुजवतात. मग आकडा सुधारलेला दिसतो आणि जीव मात्र गुदमरतात.

मीठ जायला किती वर्षं लागतात आणि जीव यायला किती?

मीठ लवकर जातं. कोकणात पावसाळ्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. निचरा नीट असेल तर वरच्या थरातली खार एका पावसात भाताला चालेल इतकी उतरते. अडचण उन्हाळ्यात येते. जमीन उघडी पडली की खालची खार केशवाहिन्यांतून वर चढते आणि मे महिन्यात पुन्हा पांढरी साय दिसते. म्हणून खारजमिनीत एकदा तपासलेल्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. सप्टेंबरचा आणि मेचा आकडा शेजारी ठेवून बघावा लागतो.

लांब पल्ल्याचं उत्तर चीनमध्ये सापडतं. हांगझोऊ उपसागराच्या काठी त्सशी परिसरात सुमारे दोन हजार वर्षं टप्प्याटप्प्याने समुद्रापुढे बांध घालत गेले. त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वीची, काहीशे वर्षांपूर्वीची आणि दोन हजार वर्षांपूर्वीची शेतं एका रांगेत पाहायला मिळतात. तिथे दिसतं ते असं की मीठ पहिल्या पन्नास वर्षांतच निघून जातं, मातीतला चुना धुतला जायला शेकडो वर्षं लागतात आणि भाताच्या चिखलणीतून सेंद्रिय कर्ब त्याहूनही सावकाश साठत जातो.

जीव एकदम येत नाहीत, त्यांची रांग असते. जिवाणू आणि शेवाळ काही आठवड्यांत येतात. त्यांना खाणारे एकपेशीय जीव आणि जिवाणूभक्षी सूत्रकृमी त्यांच्या मागोमाग. पालापाचोळा पडू लागला की उड्या मारणारे बारीक स्प्रिंगटेल आणि कोळीवर्गातले सूक्ष्म किडे. बुरशीला मुळं आणि काडीकचरा लागतो, म्हणून ती उशिरा. शिकारी सूत्रकृमी आणि गांडुळं सगळ्यात शेवटी. संपृक्त अर्काची विद्युतवाहकता, म्हणजे खार मोजायचा आकडा, ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या खाली आली की कागदावर जमीन "क्षारमुक्त" ठरते. माझ्या मते तिथे फक्त पहिला टप्पा संपतो. रांगेतले शेवटचे पाहुणे आले का, हे कुणीच तपासत नाही आणि शेतकऱ्याला खरी गरज त्यांचीच असते.

गांडुळं कधी येतात? आणून सोडली तर?

गांडुळाचा सगळ्यात चांगला धडा हॉलंडमधला. १९३२ मध्ये तिथे आफ्स्लाउटडाइक हा मोठा बांध पूर्ण झाला आणि आतला समुद्र हळूहळू गोड्या पाण्याचा तलाव झाला. त्यातून १९४२ मध्ये नोर्डओस्टपोल्डर, १९५७ मध्ये पूर्व फ्लेवोलँड आणि १९६८ मध्ये दक्षिण फ्लेवोलँड कोरडं केलं. समुद्राचा तळ तो, गांडुळं असणार कुठून? जुन्या जमिनीतून ती सरकत येणार, तीही वर्षाला साधारण दहा मीटरच्या आतबाहेर. एक किलोमीटर आत पोचायला शंभर वर्षं.

गांडुळं नसलेल्या तिथल्या कुरणांत काय झालं ते वाचताना मला आपले द्राक्षबाग आठवतात. मेलेलं गवत वर साचत गेलं, कुजेना. त्याची एक जाड चटई तयार झाली आणि पाणी आत मुरेना. मग शास्त्रज्ञांनी काही कुरणांत आणि फळबागांत मुद्दाम गांडुळं सोडली. काही वर्षांत चटई नाहीशी झाली, गवत मातीत मिसळलं, माती भुसभुशीत झाली आणि पाणी झपाट्याने मुरू लागलं. गांडुळं जिथवर पोचली होती तिथवरची जमीन वेगळी दिसायची.

हे ऐकून लगेच गांडूळखताची गांडुळं विकत आणू नका. विकत मिळतं ते बहुतेक वेळा आयसेनिया फेटिडा. ते शेणात आणि कुजणाऱ्या काडीकचऱ्यात राहणारं आहे, मातीत बीळ करणारं नाही. खारट, घट्ट मातीत टाकलं तर मरतं. इथल्या मातीतली, आपल्याच जुन्या गोड्या शेतातली गांडुळं मातीच्या ढेकळासकट आणून, पावसाळ्यात, आच्छादनाखाली, बांधापासून लांबच्या उंच भागात सोडली तर काही आशा असते. आधी दोन-तीन वर्षं तिथे पालापाचोळा पडलेला हवा. घरात दाणा नसताना पाहुणा बोलावून काय उपयोग?

आणि हो, समुद्रकाठच्या ओल्या वाळूत राहणारं पोंटोड्रिलस नावाचं खार सोसणारं गांडूळही आहे. ते किनाऱ्यावर शोभतं, भातशेतीत आणण्याचा प्रयत्न करू नका.

सूत्रकृमी वाढले तर वाईट का?

कोणते वाढले त्यावर आहे. नाशिकमध्ये टोमॅटो आणि डाळिंबाच्या मुळांवर गाठी करणारा सूत्रकृमी इतका माहीत झालाय की नाव काढलं की लोक औषध विचारतात. पण बहुसंख्य सूत्रकृमी जिवाणू किंवा बुरशी खाऊन जगतात आणि त्यातून पिकाला नत्र मोकळं करून देतात. डच शास्त्रज्ञ टॉम बोंगर्स यांनी १९९० मध्ये याचा उपयोग करून मातीची प्रौढता मोजायची पद्धत मांडली. झटपट वाढणारे, कुठेही जगणारे सूत्रकृमी जास्त असतील तर माती अजून अस्थिर. सावकाश वाढणारे, नाजूक, शिकारी सूत्रकृमी दिसू लागले तर माती स्थिरावली. खाडीतून सुधारलेल्या जमिनीत हा बदल फार स्पष्ट दिसतो. समुद्री जाती जातात, मग भुरट्या जाती माजतात, मग हळूहळू घर भरतं. पीक सतत एकच घेतलं तर मात्र मुळं खाणारे आधी बस्तान बसवतात.

काही खारजमिनी आंबट होतात असं ऐकलं. समुद्राची माती आंबट कशी?

हा प्रकार समजून घेण्यासारखा आहे, कारण यात जीवच नुकसान करतात. सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंनी शेकडो वर्षं जो गंधक लोहाबरोबर बांधून ठेवला, तो पायराइटच्या रूपात चिखलात पडून असतो. पाण्याखाली असेपर्यंत निरुपद्रवी. बांध घालून चर खोल मारला आणि हवा आत गेली की दुसऱ्या जातीचे जिवाणू त्या पायराइटवर तुटून पडतात आणि गंधकाम्ल तयार होतं. सामू ४ च्या खाली जातो, मातीत फिकट पिवळे ठिपके येतात, ॲल्युमिनियम विरघळून मुळं जाळतं, चरातलं पाणी गंजासारखं तांबडं दिसतं. केरळच्या कुट्टनाडमध्ये आणि पोक्कळी भाताच्या पट्ट्यात हा त्रास जुना आहे.

तिथल्या शेतकऱ्यांनी काढलेला मार्ग मला फार आवडतो. पोक्कळी शेतात उन्हाळ्याअखेर मातीचे उंचवटे करतात, पावसाने त्यांतली खार आणि आम्ल धुतलं जातं आणि मोड आलेलं बी उंचवट्यावर पेरतात. कापणीनंतर नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत भरतीचं पाणी आत घेऊन कोळंबी धरतात. भाताच्या धसकटांवर कोळंबीचं अन्न वाढतं आणि कोळंबीची विष्ठा भाताला मिळते. गोडी वस्ती आणि खारी वस्ती एकाच शेतात आळीपाळीने नांदतात. या भाताला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

आपल्याकडे खोल चर मारण्याआधी एक सोपी खबरदारी घ्या. खालच्या थरातला ओला काळा चिखल एका पातळ पिशवीत, थोडा ओलसर ठेवून, सात-आठ आठवडे हवेशीर राहू द्या आणि आधी-नंतर सामू मोजा. सामू झपाट्याने कोसळला तर तो थर उघडा करू नका.

भातशेती केल्याने मिथेन वाढतो का?

वाढतो. खाऱ्या चिखलात सल्फेटवाले जिवाणू मिथेन करणाऱ्यांचं अन्न आधीच पळवतात. मीठ धुतलं गेलं, सल्फेट संपलं आणि वर गोडं पाणी तुंबून राहिलं की मिथेन करणाऱ्यांना मैदान मोकळं. भाताचं पाणी मधूनमधून तोडलं तर तो कमी होतो. दुसरीकडे, कांदळवनाच्या चिखलात शतकानुशतकं साठलेला कर्ब हवा लागताच कुजून उडून जातो आणि जमीन खचते. हे दोन्ही हिशेब कुठल्याच प्रकल्पाच्या कागदावर मला दिसलेले नाहीत.

जिप्सम टाकलं की जीव येतात का?

जिप्सम जिवांसाठी दार उघडतं, त्यांना आणत नाही. त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं, कण पुन्हा गोळा होतात, छिद्रं मोकळी होतात आणि हवा खेळते. १९५३ च्या महापुरात हॉलंडच्या झीलंड भागातली शेती समुद्राखाली गेली, तेव्हा मोठ्या प्रमाणावर जिप्सम वापरूनच माती सावरली. पण सुटलेलं सोडियम वाहून जायला पाणी आणि निचरा हवा. चर नसलेल्या शेतात जिप्सम म्हणजे पैसे मातीत.

निफाड, येवला, सिन्नरकडच्या चुनखडीच्या जमिनींना आणखी एक गोष्ट लागू होते. तिथे चुना आधीच भरपूर आहे, फक्त तो अडकून बसलाय. तिथे गंधक टाकतात. गंधक स्वतः काहीच करत नाही. मातीतले जिवाणू त्याचं आम्ल करतात आणि ते आम्ल चुना विरघळवून कॅल्शियम सोडतं. म्हणजे जीव नसलेल्या, कोरड्या, शेणखत न पाहिलेल्या जमिनीत टाकलेलं गंधक महिनोन्‌महिने तसंच पडून राहतं. पिवळी भुकटी तशीच दिसते म्हणून तक्रार घेऊन आलेले कितीतरी दादा मी पाहिलेत. त्यांना मी आधी धैंचा हे हिरवळीचं पीक पेरायला सांगते.

मग खारजमिनीचा उपाय आपल्या चोपण जमिनीला तसाच चालेल का?

नाही. कोकणात धुऊन काढायला आभाळातून फुकट पाणी मिळतं, आपल्या पूर्वेकडच्या तालुक्यांत पाऊस त्याच्या पाव हिश्श्याच्या आसपासही मुश्किलीने असतो. तिथे मीठ समुद्राने आणलं, इथे आपण विहिरीच्या पाण्याने आणि खतांनी आणतो. ठिबकाखाली ओल्या गोळ्याच्या कडेला ते साठतं आणि पहिल्याच जोरदार पावसात मुळांशी उतरतं. द्राक्षाचं कलम ज्यावर करतात तो डॉगरिज खुंट खार सोसतो, त्यामुळे वेल टिकतो आणि मालकाला मातीचं दुखणं उशिरा कळतं.

सारखं काय आहे ते जिवांच्या बाबतीत. उघडी जमीन दोन्हीकडे घातक. ताग, धैंचा, आच्छादन, शेणखत दोन्हीकडे उपयोगी. धैंचा तर ओल आणि खार दोन्ही सोसतो आणि मुळांवरच्या गाठींतून नत्र बांधतो.

मुळांवरच्या बुरशीचं काय?

मायकोरायझा बुरशी मुळाशिवाय जगत नाही आणि तुंबलेल्या पाण्यात कमजोर होते. म्हणून भातामागून वाल, हरभरा, पावटा असं कोरडवाहू पीक घेतलं तर ती टिकून राहते. भरपूर स्फुरद दिलं तर झाड तिला विचारतच नाही.

बाटलीतले जिवाणू घेऊ का?

खार उतरलेली नसताना घेऊ नका. गोड्या मातीत वाढवलेले जिवाणू खारट मातीत काही दिवसांत संपतात. खार उतरली असेल, कडधान्य पेरायचं असेल आणि त्या शेतात ते पीक आधी कधी घेतलेलं नसेल, तर रायझोबियमची बीजप्रक्रिया नक्की करा. बाकी बाटल्यांपेक्षा जुन्या चांगल्या शेतातली दोन पाट्या माती आणि शेणखत जास्त जीव आणतं, असं माझं मत आहे.

बांधाला खांड पडून समुद्राचं पाणी आत आलं तर?

पाणी किती दिवस राहिलं ते महत्त्वाचं. एक-दोन भरत्या आल्या आणि खांड बुजवली तर पुढच्या पावसात जिवाणू बरेचसे परततात. गांडुळं आणि बुरशी परतत नाहीत, त्यांची रांग पहिल्यापासून सुरू होते. वर्ष-दोन वर्षं खांड तशीच राहिली तर कांदळ उगवतात आणि चिखल पुन्हा काळा पडतो. मामांच्या शेजारच्या खारात असंच झालं. दुरुस्तीचे अर्ज फिरत राहिले आणि तोवर शेताचं खाजण झालं. आता तिथे चिंबोऱ्या धरायला मुलं जातात.

युरोपात हे मुद्दाम करतात. इंग्लंडमध्ये टॉल्सबरीला १९९५ मध्ये आणि हॉलंडच्या सीमेवर हेडविगे पोल्डरमध्ये २०२२ मध्ये बांध तोडून समुद्राला जागा परत दिली. खारे जीव परत येतात, पण नांगराने दाबलेला जुना थर खाली वर्षानुवर्षं घट्ट राहतो आणि निचरा पूर्वीसारखा होत नाही. मातीला दोन्ही दिशांनी आठवण असते.

नवं खाजण बांधून शेती करावी का?

माझं उत्तर ठाम "नाही" असंच आहे. कांदळवनं किनारा नियमन अधिसूचनेखाली संरक्षित आहेत, हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाभोवती पन्नास मीटरचा पट्टाही राखावा लागतो आणि मुंबई उच्च न्यायालयानेही २०१८ मध्ये तोडीविरुद्ध कडक निकाल दिला. कायदा बाजूला ठेवला तरी, आजोबा-पणजोबांनी घातलेले बांध फुटत असताना नवे घालण्यात शहाणपण नाही. आधीच सुधारलेल्या जमिनीचा बांध, उघाडी आणि चर सांभाळणं स्वस्तही आहे आणि तिथल्या जिवांची इतक्या वर्षांची रांगही वाया जात नाही.

माती जिवंत झाली की नाही हे घरी कसं ओळखायचं?

सुपारीएवढं वाळलेलं ढेकूळ पाणी भरलेल्या काचेच्या ग्लासात अलगद सोडा आणि हलवू नका. पाणी दुधासारखं गढूळ झालं तर सोडियम अजून बसलंय. ढेकूळ फुटलं पण पाणी स्वच्छ राहिलं तर बरं. ढेकूळ तसंच राहिलं तर उत्तम, कारण त्याला बुरशीचे धागे आणि जिवाणूंचा डिंक धरून आहे.

पावसाळ्यात शुद्ध सुती कापडाचा हातभर तुकडा वीतभर खोल पुरा, खूण ठेवा आणि दोन महिन्यांनी काढा. शेजारच्या जुन्या शेतातही एक पुरा. जुन्या शेतातला चिंध्या होऊन निघतो. खारातला जवळजवळ अखंड निघाला तर वाट पाहावी लागेल.

आणि वास घ्या. पहिल्या पावसानंतर येणारा मातीचा सुगंध ॲक्टिनोमायसीट जातीचे जिवाणू तयार करतात. नव्या खारजमिनीला तो येत नाही. मामांच्या शेताला तो पहिल्यांदा आला त्या दिवशी मामींनी मला नाशिकला फोन केला होता.

तपासणीसाठी नमुना कसा आणायचा?

वरचा वीतभर आणि त्याखालचा वीतभर थर वेगळ्या पिशव्यांत भरा, एकत्र करू नका. खताची रिकामी गोणी वापरू नका, तिच्यातल्या क्षारांनी आकडा चुकतो. खार मोजायची असेल तर माती सावलीत वाळवून आणली तरी चालते. जीव मोजायचे असतील तर ओलीच, उन्हापासून जपून, शक्यतो त्याच दिवशी पोचवा. बांधाजवळचा, मधला आणि उघाडीजवळचा असे तीन नमुने घ्या, जागेला खुंटी ठोकून ठेवा आणि पुढच्या वेळी त्याच खुंटीपाशी खणा. एकदा मे महिन्यात या, एकदा भात कापल्यावर.